काचेमागचा वारा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याला एका लग्नाला जायचं होतं. आदल्या रात्री स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "सातला निघू या." मी बाहेरच्या खोलीतून "बरं" म्हणालो आणि सकाळी निवांत आठला तयार झालो. मुहूर्त चुकला. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. पण नंतर विचार करताना लक्षात आलं, की मला खरोखरच 'आठ' ऐकू आलं होतं. 'सात'मधला 'स' गळला की 'आत' उरतं, आणि 'आत'चं 'आठ' करून घ्यायला मनाला फार कष्ट पडत नाहीत. मग मागचं आठवू लागलो, तर अशी गळती बरीच निघाली. लोकांच्या बोलण्यातले स, श, फ, थ माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच विरून जात होते. स्वर शाबूत होते, व्यंजनं झिजली होती.

कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि एक आलेख हातात दिला. डावीकडून बऱ्यापैकी सरळ येणारी रेघ ४००० हर्ट्झपाशी एकदम खाली जाऊन पुन्हा थोडी वर आली होती, रस्त्यावरच्या खड्ड्यासारखी. डॉक्टर वयाने माझ्या भाच्याएवढे. म्हणाले, "काका, तुम्ही कारखान्यात होतात का?" म्हटलं, सहकारी बँकेत होतो, तिथला सगळ्यात मोठा आवाज नोटा मोजायच्या मशीनचा. शिकार, फटाके, लाउडस्पीकर, असले प्रश्न विचारून झाल्यावर त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या हेल्मेटवर गेली. "लांबचा प्रवास करता?" मी वीस वर्षांचा हिशेब सांगितला: कोकण, गोवा, हंपी, दोनदा राजस्थान, एकदा लेह. ते म्हणाले, एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही, वयाचाही भाग आहे. पण असा खड्डा ही मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाची ओळखीची खूण असते. आतल्या शंखातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

मला पहिल्यांदा हसू आलं. माझी ३५० सीसीची बुलेट ऐंशीच्या वेगाला काही फार ओरडत नाही. नंतर शोधाशोध केल्यावर कळलं, की दोष बुलेटच्या धडधडीचा नाहीच.

मी बी. कॉम. आहे. भौतिकशास्त्राशी संबंध बारावीआधीच सुटला. पण बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून एखादा प्रश्न पकडून वर्ष-दोन वर्षं त्याच्यामागे लागायचं, ही सवय जडली आहे. या प्रश्नात इंग्रजी निबंध वाचायला शब्दकोश होता, समीकरणं समजवायला इंजिनिअरिंगला असलेला भाचा होता, आणि प्रयोगाला माझी स्वतःची गाडी होती. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे.

मोटारसायकलस्वाराच्या कानाचा नीट अभ्यास करणाऱ्यांत अँड्र्यू मॅक्कोम्ब या ब्रिटिश कान-नाक-घसा शल्यविशारदाचं नाव आधी घ्यावं लागतं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हेल्मेटच्या आत, कानापाशी आवाज मोजला. ताशी ६० किलोमीटरला तो सुमारे ९० डेसिबल भरला आणि १६०ला सुमारे ११०. साधारण ६५च्या पुढे गाडीचा आवाज मागे पडतो आणि कानात उरतो तो वारा. डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. दहाने वाढ म्हणजे ऊर्जा दसपट, वीसने वाढ म्हणजे शंभरपट. मधल्या वेगांचा हिशेब केला, तर ऐंशीला सुमारे ९६ आणि शंभरला सुमारे १०० डेसिबल येतात. आता कामगारांसाठीची मर्यादा बघा. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये आठ तास चालतील. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ला एक तास, ९७ला अर्धा, १००ला पंधरा मिनिटं. कराडहून पुण्याला जायला मला तीन तास लागतात. एका फेरीत मी आठवड्याभराच्या आवाजाचा कोटा संपवत होतो, आणि वर ढाब्यावर चहा पिताना म्हणत होतो, काय शांत वाटतंय हायवेवर!

हेल्मेट आवाज अडवत नाही का? उंच पट्टीचा थोडासा अडवतं. पण वाऱ्याचा आवाज बराचसा खालच्या पट्टीतला, घुमणारा असतो. तो थर्माकोल आणि फायबर सहज ओलांडतो. शिवाय हा आवाज लांबून येऊन हेल्मेटवर आदळत नाही. तो हेल्मेटवरच तयार होतो. आपण ढोलाच्या आत डोकं घालून बसलेलो असतो.

इथवर वाचून मी जे केलं ते कोणीही करील. वारा हा शत्रू, तर मोठी काच लावावी. एका दुकानातून मी बाजारात मिळणारी उंच काच आणली. (हिला कोणी विंडशील्ड म्हणतं, कोणी व्हायझर. आमच्याकडे गॅरेजवाले 'काच'च म्हणतात, जरी ती ॲक्रिलिकची असते.) दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, वारा लागणारच नाही." छातीला खरंच लागेना. पण डोकं असं हलायला लागलं, की पुढच्या ट्रकच्या नंबरातला तीन आहे की आठ, ते वाचता येईना. आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढला आणि त्याची जातही बदलली. आधी सलग 'घूंऽऽ' होता, आता चादर झटकावी तसे फटके बसू लागले. आणखी एक झालं, ज्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. बायकोने माझ्यामागे बसून लांब यायचं हळूहळू बंद केलं. डोकं दुखतं म्हणायची. मी म्हणायचो, ऊन.

काच लावल्यावर त्रास का वाढावा? या कोड्याने मला वर्षभर पुरवलं.

उत्तराचा पहिला धागा कृष्णेच्या पुलावर मिळाला. पावसाळा ओसरताना, पाणी गढूळ पण बेताचं असताना, पुलावरून खाली बघावं. खांबाच्या वरच्या अंगाला पाणी शांतपणे दुभंगतं. गडबड आहे ती खांबाच्या मागे. तिथं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून भोवरे सुटतात आणि माळेसारखे वाहत जातात. खांबाला अगदी चिकटून मागे एक मुकी जागा असते, तिथं काटक्या आणि फेस गोल गोल फिरत राहतात. आणि ही मुकी जागा व बाजूचं धावतं पाणी यांच्या सीमेवर सगळी मारामारी. मी काच लावून माझं डोकं नेमकं त्या सीमेवर नेऊन ठेवलं होतं.

दिवाळीत देवासमोर उदबत्ती लावाल तेव्हा हीच गोष्ट लहान प्रमाणात दिसेल. धूर आधी वीतभर सरळ, दोऱ्यासारखा चढतो. मग थरथरतो, आणि मग विस्कटतो. खाली सलग, वर प्रक्षुब्ध. मँचेस्टरला ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून हाच बदल दाखवला. पाणी सावकाश असेतो रंगाची रेघ अखंड राहते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती फुटून सगळीकडे पसरते. महत्त्वाचं हे, की सलग वारा कितीही जोराचा असला तरी तो एका दिशेने, एकसारखा रेटतो. मान त्याला सरावते. फुटलेला वारा सरासरीने हळू असेल, पण दर क्षणाला दिशा आणि जोर बदलतो. मानेला सरावायला वेळच मिळत नाही.

हे भोवरे आलटून पालटूनच का सुटतात, त्याची कथा मोठी गमतीची आहे. १९११च्या सुमारास जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथं लुडविग प्रांटल यांचा हीमेन्झ नावाचा विद्यार्थी पाण्याच्या पाटात उभा दंडगोल ठेवून त्यावरचा दाब मोजू पाहत होता. पण पाणी काही स्थिर राहीना, मागे सारखं हेलकावे खाई. दंडगोल नीट गोल नसेल, म्हणून त्याने तो घासला. पाट दोन्ही बाजूंनी सारखा नसेल, म्हणून पाट दुरुस्त केला. तिथंच तरुण साहाय्यक असलेला थिओडोर फॉन कार्मान रोज सकाळी चौकशी करी, की प्रवाह आज तरी स्थिर आहे का, आणि उत्तर रोज नाहीच असे. शेवटी कार्मानला वाटलं, हेलकावे हा प्रयोगातला दोष नसून पाण्याचा स्वभावच असावा. त्याने गणित मांडून दाखवलं, की भोवऱ्यांच्या दोन ओळी समोरासमोर टिकत नाहीत, एकाआड एक असल्या तरच टिकू शकतात. आज त्या माळेला त्याचं नाव आहे. बिचाऱ्या हीमेन्झची मला फार कणव येते. मीही काचेचे स्क्रू आवळण्यात, रबरी वायसर बदलण्यात तीन महिने घालवले होते. मला वाटायचं काच थरथरते म्हणून डोकं हलतं.

त्याआधी, १८७८मध्ये, विन्सेंत स्ट्रोहाल या चेक शास्त्रज्ञाने वाऱ्यात तार का गाते ते तपासलं होतं. त्याला दिसलं, की आवाजाची पट्टी दोनच गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी. ढोबळ हिशेब असा, की वेगाला जाडीने भागायचं आणि त्याचा पाचवा हिस्सा घ्यायचा. माळावरच्या चार मिलिमीटरच्या तारेवर सेकंदाला दहा मीटरचा वारा आला, की सेकंदाला सुमारे पाचशे भोवरे सुटतात आणि तार ऐकू येईल अशी गुणगुणते. आता तारेच्या जागी चाळीस सेंटिमीटर रुंदीची काच ठेवा आणि वेग ताशी ८० करा. सेकंदाला दहा-अकरा भोवरे. काच ही काही गोल तार नव्हे, त्यामुळे आकडा मागेपुढे होईल. पण जात कळते. दहा-अकरा हे कानाला ऐकू येत नाही, मानेला मात्र कळतं. ट्रकचा नंबर वाचता येईना तो यामुळे. आणि हे मोठे भोवरे हेल्मेटवर येऊन फुटले, की त्यांचे बारीक बारीक तुकडे हेल्मेटच्या कडाखोबणींशी जो दंगा घालतात, तो कानाला ऐकू येतो.

काचेत आणि पुलाच्या खांबात एक फरक आहे. खांब तळापासून वरपर्यंत पाण्यात असतो. काचेला वरची मोकळी कड असते. वारा काचेवरून चढून त्या कडेवरून उडी मारतो. काचेमागे हवेचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे उडी मारलेला वारा सरळ मागे न जाता खाली ओढला जातो, विहिरीत डोकावणाऱ्या पोरासारखा. तो येऊन नेमका कुठं पडतो, यावर सगळं अवलंबून. खांद्यावर पडला तर ठीक. डोक्यावरून निघून गेला तर उत्तम. हनुवटी ते कपाळ या टप्प्यात पडला तर माझ्यासारखी गत. पाठीवर कोणीतरी हलकेच ढकलतंय असं मोठ्या काचेमागे वाटतं, तेही या कमी दाबामुळेच. मागची हवा पोकळी भरायला पुढे धावते.

हे सगळं कागदावर. खरं की खोटं ते बघायला एक प्रयोग पुरला, आणि त्याला पैसा लागत नाही. सकाळी सहा वाजता, कराडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका सरळ, मोकळ्या तुकड्यावर, ताशी साठचा वेग धरून मी फूटरेस्टवर उभा राहिलो. डोकं काचेच्या बरंच वर गेलं. वारा अंगावर सणसणीत आला. पण फटके थांबले आणि आवाज एकसुरी झाला. मग बसलो आणि टाकीवर वाकून डोकं काचेच्या आड नेलं. तिथंही शांत; इतकं, की इंजिनाचे टॅपेट ऐकू आले. मग नेहमीसारखा ताठ बसलो आणि दंगा पुन्हा सुरू. वर शांत, खाली शांत, माझ्या बसण्याच्या जागी तमाशा. साडेतीन हजारांची काच मी स्वतः होऊन तमाशाच्या उंचीला बसवून घेतली होती.

पुढचा प्रयोग लोकरीचा. बायकोच्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर घेतली, बोटभर लांबीचे तुकडे केले आणि काचेच्या दोन्ही अंगांना, हेल्मेटवर, खांद्यांवर चिकटपट्टीने लावले. विमानाच्या पंखावर असेच दोरे लावून वारा कुठं पंख सोडतो ते बघतात. भाचा शेजारून गाडी चालवत होता आणि त्याच्यामागे बसलेला त्याचा मित्र मोबाइलवर चित्रण करत होता. बाहेरच्या अंगाचे दोरे काचेला चिकटून सरळ मागे. आतल्या अंगाचे चक्क उलटे, पुढे तोंड करून! माझ्या हेल्मेटच्या कपाळावरचे दोरे पिसाळल्यासारखे, खांद्यावरचे मधूनच झोपलेले. रस्त्याच्या कडेला थांबून आम्ही तिघं ते चित्रण पाहत होतो, तेव्हा उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने थांबून विचारलं, काही पूजाबिजा आहे का गाडीची.

आवाज मोबाइलने मोजावा असा भाच्याचा आग्रह होता. मी तो मोडून काढला. वाऱ्यात ठेवलेला माइक आवाजापेक्षा स्वतःवर बसणारे वाऱ्याचे धक्केच जास्त नोंदवतो. आकडा रुबाबदार येतो, पण तो कशाचा ते सांगता येत नाही. त्याऐवजी वही केली. एकच रस्ता, जाताना आणि येताना दोन्ही, म्हणजे मूळचा वारा कापला जाईल, एकच वेग, एका वेळी एकच बदल, आणि घरी न येता तिथंच थांबून दहापैकी गुण. शास्त्र म्हणून हे कच्चं आहे हे मला मान्य आहे. पण एक प्रश्न आणि एक कान एवढ्यापुरतं ते चाललं.

काच आणखी उंच करावी की कापावी? उंच केली तर कड डोळ्यांच्या वर जाते. मग पावसात, रात्री समोरच्या दिव्यांत, चिखल उडालेल्या काचेतून बघत चालवायचं. घाटात ते मला मान्य नव्हतं. कड नजरेच्या खाली हवी. म्हणून कापायची ठरवली. हे काम आमच्या इथल्या रेडियमच्या दुकानात झालं. नंबरप्लेटी करणारा माणूस ॲक्रिलिक रोज कापतो. दोन्ही बाजूंना कागदी टेप, बारीक दातांचं पातं, सावकाश हात, आणि शेवटी कड पॉलिशपेपरने गोल. घाई केली तर तडा जातो. एक काच तशी गेलीही. एकदम न कापता एकेक बोट कमी करत गेलो. पहिल्या बोटाला फटके वाढले, कारण ते कपाळावरून नाकावर आले. दुसऱ्याला तसंच. भाचा म्हणाला, "मामा, सोडा." तिसऱ्याला थोडं बरं. चौथ्या बोटाला कडेवरून येणारा लोट खांद्यावर उतरला आणि डोकं मोकळ्या, सलग वाऱ्यात आलं. हेल्मेट थरथरायचं थांबलं.

दुसरा बदल खर्चाचा नव्हता. काचेच्या खालच्या कडेला आणि हेडलाइटच्या मध्ये दोन बोटांची फट ठेवली. स्क्रूखाली जाड वायसर घातले एवढंच. त्या फटीतून थोडा वारा काचेमागे शिरतो, तिथली पोकळी भरतो, आणि वरच्या कडेवरून येणाऱ्या वाऱ्याला खाली ओढणारी ओढ कमी होते. वारा अडवायला लावलेल्या काचेत मुद्दाम वाट ठेवायची, हे दुकानदाराला काही पटेना.

हे सगळं नवं नाही. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर-१०० आरएस ही गाडी आणली, तेव्हा तिचं संपूर्ण आवरण इटलीतल्या पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, घडवलं होतं. त्याही आधी मोटो गुझीने मांदेल्लोच्या कारखान्यात मोटारसायकलींसाठी स्वतःचा असा बोगदा उभारला होता. पण तेव्हा शर्यतीतला वेग हा हेतू होता. पुढचं चाक पूर्ण झाकणाऱ्या, कचऱ्याच्या डब्यासारख्या दिसणाऱ्या आवरणांनी वेग भरपूर मिळाला; आडव्या वाऱ्यात मात्र गाडी शिडाच्या होडीसारखी वाहवू लागली. १९५८च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय संघटनेने ती बंद केली. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगेतून, मोठी काच लावून एकदा जाऊन बघावं. ती बंदी का आली ते हँडलच सांगतं.

बोगद्यात घडवलेली गाडीही सगळ्यांना सारखी बसत नाही. मुद्दा बसलेल्या उंचीचा आहे. दोन माणसं उभी राहिल्यावर सारखी दिसतील, पण एकाचं धड चार बोटं लांब असेल, तर एकाच्या खांद्यावर पडणारा वारा दुसऱ्याच्या हनुवटीवर पडेल. म्हणून 'अमुक काच घ्या' हा सल्ला मी कोणाला देत नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावण्यासारखं आहे ते.

खांद्यापर्यंतचा बंदोबस्त झाला, तरी खालून येणारा एक घोंगाट उरला होता. त्याचं उत्तर इंग्लंडमधल्या बाथच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या कामात सापडलं. हेल्मेटवर आवाज कुठं कुठं तयार होतो ते त्यांनी तपासलं आणि कानापर्यंत पोचणाऱ्या आवाजात हनुवटीखालच्या भागाचा वाटा मोठा असल्याचं दाखवलं. आपण हेल्मेट विकत घेताना वरचा रंग बघतो, काचेचा झडपा बघतो. हनुवटीखालच्या त्या उघड्या तोंडात कोणी डोकावत नाही. आता मी गळ्याभोवती सुती उपरणं असं गुंडाळतो, की हनुवटीखालची जागा भरून जाईल. वहीत त्याचे गुण काच कापण्याच्या खालोखाल आहेत. खाली लटकणारं चिनस्ट्रॅपचं टोकही आत खोचायचं. आणि हेल्मेटला पुढे टोपीसारखं पान असेल, तर हायवेवर ते काढून ठेवायचं.

लेहच्या प्रवासातलं एक कोडंही यात सुटलं. मनालीहून जाताना मोरे मैदान लागतं, सुमारे ४७०० मीटर उंचीवरचा सपाट, सरळ रस्ता. तिथं ऐंशीने जाताना मला विलक्षण शांत वाटलं होतं आणि मी ते हिमालयाच्या खाती जमा केलं होतं. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या सुमारे ६० टक्केच घन असते. वाऱ्याचा रेटा घनतेच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत असतो. म्हणजे तिथला ऐंशीचा रेटा आपल्याकडच्या बासष्ट-त्रेसष्टचा. याच नियमाने साठवरून शंभरवर गेलं, की रेटा पावणेतीन पट होतो. सगळ्यात स्वस्त उपाय त्यातच आहे. मी आता सत्तरने जातो. पुण्याला वीस-पंचवीस मिनिटं उशिरा पोचतो.

आणि तरीही बोळे. काच कितीही जुळवली तरी डोकं मोकळ्या वाऱ्यातच असतं आणि मोकळ्या वाऱ्यालाही आवाज असतो. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. पाकिटावर तीसच्या आसपास डेसिबल लिहिलेले असतात. नीट वळून आत बसवले नाहीत, तर त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. हॉर्न ऐकू येणार नाही, ही भीती मलाही होती. पण बोळा वारा आणि हॉर्न दोन्ही खाली आणतो, आणि हॉर्न वाऱ्याच्या वर होता तेवढाच वर राहतो. शहरातल्या गर्दीत मात्र मी ते काढतो.

गेल्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. खड्डा तिथंच आहे, खोल झालेला नाही. 'स' परत आलेला नाही.

बायकोच्या डोकेदुखीचं राहिलं. लोकरीच्या चित्रणात मी स्वतःकडेच बघत होतो. मागची सीट रिकामी होती. ती सीट माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, आणि उंच काचेवरून माझ्या डोक्यावर फुटलेला वारा पुढे नेमका तिथं जाऊन पडत होता. म्हणजे जे फटके मला बसत होते ते तिला माझ्या हेल्मेटमागचे आणखी भोवरे मिसळून, धरायला हँडल नसताना, बसत होते. तिने सहा वर्षांत चार वेळा सांगितलं होतं. ऐकू न येण्याचं ते निमित्त कानाचं नव्हतं.

यंदा पावसाळा सरल्यावर तिला विचारलं, येशील का, वही तू धर. ती आली. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, कापलेली काच, खालची फट, उपरणं, सगळं जागच्या जागी. मी थांबून माझे गुण लिहिले, आठ. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि शेजारच्या रकान्यात पाच लिहिले. मग म्हणाली, "अहो, तुम्ही जरा पुढे सरकून बसा, मला तुमच्या पाठीशी जवळ बसता येईल." पुन्हा एक फेरी मारली. तिचे साडेसहा झाले, आणि माझं डोकं काचेच्या जवळ गेल्यामुळे माझे सात. काच आणखी अर्धं बोट कापायची की सीट बदलायची, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.